पवनचक्कीचा खांब उभा राहण्याआधी: सडा आणि माळ राखण्यासाठी गावाने करायची कामं, क्रमवार

दर दिवाळीनंतर फोन सुरू होतात. "सर, सड्यावर जेसीबी चढलाय, काहीतरी करा." (सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या खडकाचं पठार.) कधी साताऱ्यातल्या पाटणच्या बाजूने, कधी सांगलीतल्या जत-कवठेमहांकाळच्या माळांवरून. जेसीबी चढला याचा अर्थ जमिनीचे व्यवहार उरकलेत, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला फाइलला लागलाय आणि रस्त्याची आखणीही झालीय. त्यानंतर जे मिळतं ते विनवण्या करून मिळतं.

बहुतेक गावं एकाच ठिकाणी चुकतात: जनसुनावणी लागेल तेव्हा बोलू म्हणून थांबून राहतात. पवन आणि सौर प्रकल्प पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेच्या यादीत नाहीत. त्यामुळे त्यांच्यासाठी तो अहवाल होत नाही आणि सुनावणीही लागत नाही. खासगी जमिनीवर पवनचक्की येत असेल तर गावाला तोंड उघडायला हक्काची जागा म्हणजे ग्रामसभा आणि ग्रामपंचायतीचा ठराव. (डोंगरात येणाऱ्या, पाणी वर उपसून पुन्हा खाली सोडणाऱ्या मोठ्या उदंचन जलविद्युत प्रकल्पांचं वेगळं आहे. ते यादीत आहेत. तिथे प्रकल्प कोणत्या वर्गात टाकलाय ते आधी विचारा, कारण 'ब-२' वर्गात टाकला असेल तर सुनावणी होत नाही. सुनावणी लागलीच तर तिची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात यावी लागते.)

वाऱ्यावरची वीज हवी, असं मानणाऱ्यांपैकी मी आहे. पण खांब शे-दोनशे मीटर इकडेतिकडे सरकवता येतो, रस्त्याला वळण देता येतं आणि तेवढ्या अंतरात एखादं अख्खं डबकं किंवा लांडग्याची वीण वाचते. पुढची सगळी मेहनत त्या शे-दोनशे मीटरसाठी आहे.

## १. मनोरा दिसला की कामाला लागा

पवनचक्कीच्या खूप आधी वारा मोजायचा मनोरा येतो. जाळीचा उंच, बारीक खांब आणि त्याला चारी बाजूंनी ताणलेल्या तारा. वाऱ्याचा अंदाज घ्यायला तो साधारण वर्षभर तरी उभा ठेवतात. गावाच्या हातातला वेळ म्हणजे हेच वर्ष. या काळात चारही हंगामांच्या नोंदी झाल्या तर ठरावाच्या दिवशी तुमच्याकडे कागद असतो. नाहीतर नुसतं भाषण होतं.

दुसरी खूण फेरफाराची. 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गावातल्या फेरफारांच्या नोटिसा दिसतात. एकाच पट्ट्यातले पाच-सहा गट एकाच नावावर चढताना दिसले की नकाशा काढून बसा.

सौर प्रकल्पाला असा मनोरा लागत नाही आणि कामही झपाट्याने होतं. पूर्व सांगलीत मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी गायरानं मागितली जातात, तिथे हाताशी वर्ष नसतं. अशा गावांनी प्रकल्पाची चाहूल लागायची वाट न पाहता आपल्या माळाच्या नोंदी आजच सुरू कराव्यात.

तपासा: मनोऱ्याच्या ताणतारांवर ठळक रंगाच्या चकत्या किंवा गोळे लावलेत का? नसतील तर पहिलं पत्र त्याचंच द्या. संधिप्रकाशात त्या तारा पक्ष्यांना दिसत नाहीत.

## २. आधी जमिनीचे कागद, मग पक्ष्यांची यादी

निसर्गाची आवड असलेल्या मंडळींना हा टप्पा कंटाळवाणा वाटतो आणि ते तो गाळतात. हरकत इथेच कच्ची राहते. तलाठ्याकडून आणि भूमी अभिलेख कार्यालयातून पुढचं गोळा करा:

- पट्ट्यातल्या प्रत्येक गटाचा सातबारा. 'इतर हक्क' रकाना नीट वाचा. तिथे वनाचा किंवा खाजगी वनाचा शेरा असेल तर सगळा मार्गच बदलतो.
- गाव नमुना १-अ (वनजमिनींची नोंदवही) आणि १-ब (सरकारी जमिनींची).
- गावचा गटनकाशा. महाभूनकाशा संकेतस्थळावर पाहता येतो, पण सहीशिक्क्याची प्रत वेगळी घ्या.

वनजमीन असेल तर प्रकल्पाला केंद्राची वनमंजुरी लागते, मग पवनचक्की असो की सौर. तो प्रस्ताव 'परिवेश' संकेतस्थळावर शोधता येतो. अशा वेळी वनहक्क कायदा, २००६ प्रमाणे ग्रामसभेचं म्हणणं विचारात घ्यावं लागतं. गाव कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान किंवा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास असेल तर आपले गट बफरमध्ये किंवा पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात येतात का, हे उपवनसंरक्षकांना लेखी विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

माहिती अधिकाराचा अर्जही याच टप्प्यात टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाला, एक महाऊर्जाला (राज्याची अपारंपरिक ऊर्जेची संस्था). मागणी नेमकी लिहा: "प्रस्तावित प्रत्येक पवनचक्कीचे अक्षांश-रेखांश, पोहोच रस्त्यांचा व वीजवाहिनीचा नकाशा." 'सर्व माहिती द्यावी' असं लिहिलंत तर काहीच हाती लागत नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

सावधान: 'पडीक' शब्दाला फसू नका. सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलेला माळ खोकड, तरस, चंडोल, पाखुर्डी यांचं भरलेलं घर असतं. 'पडीक' हा महसुलाचा शेरा आहे, जमिनीत जीव आहे की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

## ३. माणसं जमवा

पाच-सहा पुरेत, पण निवड नीट करा. एखादा फोटो काढणारा मुलगा, शाळेतले एक शिक्षक, गवताला आणि सरपणाला सड्यावर जाणाऱ्या दोन बायका. आणि मेंढपाळ. माळावर लांडग्याची बीळं कुठे, कोल्हं कुठनं उतरतं, गवतात भोवत्या (हिवाळी पाहुणा शिकारी पक्षी) कुठं बसतो, हे मेंढपाळाइतकं कुणालाच ठाऊक नसतं. बायकांना विचारलं तर कोणत्या डबक्यात कुठवर पाणी टिकतं ते कळतं. दोघांनाही सहसा कुणी विचारत नाही.

प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणं जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत ती कागदावर असते. सदस्य कोण आहेत ते ग्रामसेवकांकडून काढून घ्या आणि तुमचं काम त्या समितीच्या नावाने चालू करा. तुमच्या नोंदी लोक जैवविविधता नोंदवहीत चढल्या की त्या गावाचा दस्तऐवज होतात. पोरांच्या मोबाइलमधले फोटो म्हणून त्या बाजूला सारता येत नाहीत.

## ४. चार हंगामांच्या नोंदी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सड्यावर आम्हाला वायतुऱ्याचं डबकं सापडलं. इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला गुलाबी-जांभळा तुरा, खाली बोटभर पाणी. आम्ही चाळीसेक फोटो काढले, हरखून गेलो. एकाही फोटोवर गट नंबर नव्हता, अक्षांश-रेखांश नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात मुरमाचा रस्ता बरोबर तिथून गेला. रस्ता डबक्यावर नव्हता, चाळीस पावलं वर होता. पण सड्यावरचं पाणी ओढ्यासारखं वाहत नाही, जांभ्या खडकावरून चादरीसारखं पसरत येतं. दीड फुटाच्या भरावाने ते अडलं. त्या श्रावणात वरच्या अंगाला गुडघाभर गाळ होता आणि खाली कोरडा कातळ. प्रकल्पावरचा एक माणूस नंतर मला म्हणाला, "तेव्हा गट नंबर दिला असता तर रस्ता वरच्या कडेनं नेला असता." ते वाक्य मी विसरलेलो नाही.

म्हणून नोंदीची ओळ कशी असावी ते आधी पाहा. नमुना असा:

*१४ ऑगस्ट, सकाळी ८.२०. गट क्र. (…), अक्षांश-रेखांश (…). डबकं, लांबी १२ पावलं, रुंदी ७, पाणी चार बोटं. वायतुरा, मोजलेले तुरे ३१. पाणी ईशान्येकडून येतं. पाहणारे दोघे, सह्या.*

फोटोवर तारीख आणि ठिकाण छापणारं अ‍ॅप वापरा. काही दिसलं नाही तर तेही लिहा: "सकाळी ७ ते ८, शिकारी पक्षी नाही." अशा कोऱ्या नोंदी असल्या की भरलेल्या नोंदींवर विश्वास बसतो.

जुलै ते सप्टेंबर (सडा). डबकी, त्यांतल्या वनस्पती, बेडूक, खेकडे. कास पठारावर दिसणारे गेंद आणि सीतेची आसवं आजूबाजूच्या पुष्कळ सड्यांवरही असतात, पण कास जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे आणि तुमचा सडा नाही. पाण्याची दिशा प्रत्येक डबक्यापाशी बाणाने दाखवा. बाण काढायचा राहून गेला तर रस्त्याबाबतचं तुमचं म्हणणं टिकत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर. स्थलांतर करून येणारे शिकारी पक्षी. उंचशा टेपावर दोघांनी तासभर बसायचं. प्रत्येक पक्ष्यापुढे उंची लिहायची: पात्यांच्या खाली, पात्यांच्या पट्ट्यात, की वर. अंदाजासाठी मनोऱ्याची उंची मापाला घ्या.

डिसेंबर ते फेब्रुवारी (माळ). भोवत्ये संध्याकाळी गवतात जमिनीवर उतरून एकत्र मुक्काम करतात. सूर्यास्ताच्या तासभर आधी माळाच्या कडेला थांबा आणि उतरणारे मोजा. गवत तुडवत आत जाऊ नका. लांडग्याची पिल्लंही याच सुमारास होतात. बीळ दिसलं तर लांबूनच ठिकाण टिपा आणि परत फिरा. माणसाची चाहूल लागली की मादी पिल्लं हलवते.

मार्च ते मे. जमिनीवर घरटं करणारे टिटवी, चंडोल, रातवा. आणि साताऱ्यातल्या चाळकेवाडीसारख्या पठारांवर दगडावर चढून गळ्याचा निळा-काळा-केशरी पंखा उघडणारा नर सरडा.

या सरड्यावरून एक गैरसमज दूर करायला हवा. "पवनचक्क्यांखाली सरडे भरपूर आहेत, मग कसलं नुकसान?" असं मला बैठकीत दोनदा ऐकवलं गेलंय. चाळकेवाडी परिसरातच झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट आढळले. पवनचक्क्यांच्या भागात पक्षी कमी झाल्यामुळे सरडे वाढले, पण त्यांची अंगकाठी खालावली, रंग फिके पडले आणि माणूस जवळ आला तरी ते पळेनासे झाले. म्हणजे वाढलेले सरडे हीच बिघाडाची खूण. नोंद करताना सरडे आणि शिकारी पक्षी शेजारी शेजारी लिहा, एकटा आकडा दिशाभूल करतो.

नेहमीच्या चुका:

- पालींसाठी दगड उलटणं. चाळकेवाडीवरून २००८ मध्ये नव्याने वर्णन झालेली साताऱ्याची पाल अशाच सुट्या दगडांखाली राहते. उलटलेला दगड पूर्वीसारखा बसत नाही, खालचा ओलावा उडून जातो.
- दुसऱ्या गावाची यादी उतरवणं. एक खोटी नोंद सापडली की बाकीच्या शंभर खऱ्या नोंदी वाया जातात.
- बिळाचं किंवा घरट्याचं नेमकं ठिकाण व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकणं. ते वहीत आणि वनरक्षकाकडेच राहू द्या.

## ५. नोंदी गटनकाशावर चढवा

जाड कागदावर गटनकाशा मोठा करून घ्या. डबकी, घरटी आणि मुक्कामाच्या जागांना लाल. पाण्याच्या वाटांना निळा. पक्षी पात्यांच्या उंचीवरून जिथून जातात त्या कड्याच्या धारेला पिवळा. मग माहिती अधिकारातून आलेले खांब आणि रस्ते पेन्सिलीने टाका.

आता नकाशाकडे शांतपणे पाहा. दहापैकी सात-आठ खांबांना तुमची हरकत नसेल, असंही निघेल. ते मोकळेपणाने लिहा. उरलेल्या दोन-तीन खांबांबाबत तुमचा शब्द त्याने जड होतो. कड्याच्या अगदी धारेवरचे खांब मात्र सोडू नका. खालून वर येणाऱ्या वाऱ्यावर गरुड, गिधाडं तिथेच तरंगतात, आणि पात्याचं टोक ताशी अडीचशे किलोमीटरच्याही वर जातं.

## ६. ग्रामसभा आणि ठराव

ना हरकत दाखला देण्याआधी विषय ग्रामसभेपुढे आणा. नोटीस किमान सात दिवस आधी लागली पाहिजे. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल ती. हजेरीपटावर सह्या पुऱ्या झाल्यात का हे उठण्याआधी स्वतः मोजा. गणपूर्तीअभावी तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्ती लागत नाही आणि मग चार माणसांत दाखला मंजूर होतो. ग्रामसभेआधी महिला सभा होते, विषय तिथेही ठेवा.

ठराव "पर्यावरणाची हानी होऊ नये" अशा शब्दांत लिहू नका. त्यातून कुणावरच काही बंधन येत नाही. असा लिहा:

*"गट क्र. (…) मधील खांब क्र. (…) नकाशातील लाल खुणेपासून (…) मीटर पश्चिमेस सरकवण्याच्या, तसेच सोबतच्या परिशिष्टातील अटी लेखी मान्य करण्याच्या अटीवर ना हरकत दाखला देण्यात येत आहे. अटींचा भंग झाल्यास दाखला रद्द समजावा."*

परिशिष्टात काय असावं?

रस्ता. शक्यतो जुन्या गाडीवाटेवरूनच. पाण्याची चादर ओलांडताना भराव नको, थोड्या थोड्या अंतरावर मोऱ्या हव्यात. मुरूम सड्यावरूनच खणायचा नाही, आणि बाहेरून आणलेल्या मुरमाबरोबर गाजरगवत आणि घाणेरी येते, म्हणून पुढची दोन वर्षं रस्त्याकडेचं तण कंपनीने उपटायचं.

वीजवाहिनी. खांबांवरच्या उघड्या जोडतारांना आवरण आणि तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या. घुबड, मोर, गरुड या खांबांवरही मरतात, कारण पसरलेले दोन पंख एकाच वेळी दोन तारांना टेकतात. ही अट स्वस्त आहे, तरी मागणारं गाव विरळा.

मंद वाऱ्याच्या रात्री. वटवाघळं मंद वाऱ्यातच जास्त उडतात. आणि विजेचं गणित असं की वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. म्हणजे सेकंदाला पाच मीटरपेक्षा मंद वारा असताना पाती थांबवली तर विजेचं नुकसान अगदी थोडं होतं. बाहेरच्या देशांत या उपायाने वटवाघळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचं वारंवार दिसलंय. आपल्याकडे मोठी वीजनिर्मिती पावसाळी वाऱ्यावर होते, तेव्हा हिवाळ्यातल्या शांत रात्रींची ही अट कंपनीला परवडते. बैठकीत हे आकड्यांनी मांडा, ऐकतात.

सौर कुंपण. जाळीच्या खाली वीतभर मोकळी जागा, म्हणजे खोकड, ससा, घोरपड आरपार जाऊ शकतील. मेंढपाळांची जुनी वाट कुंपणात अडकू देऊ नका.

सावधान: शेजारच्या गावाचा ठराव जसाच्या तसा उचलू नका. सड्यावर खोदाई नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकलेली बरी, कारण मार्चनंतर सरडे-पक्ष्यांची वीण सुरू होते आणि पुढे पाऊस. लांडगा असलेल्या माळावर नेमके हेच महिने पिल्लांचे. पाटणच्या सड्याचं वेळापत्रक जतच्या माळाला लावलं तर घात होतो.

ठराव झाल्यावर सहीशिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात घ्या. एक प्रत तहसीलदारांना, एक वनक्षेत्रपालांना, पोच घेऊन.

## ७. काम सुरू असताना

आठवड्यातून एकदा दोघांनी फेरी मारायची. खांबाची जागा मोबाइलवरच्या अक्षांश-रेखांशाशी ताडायची. खड्डा खणण्याआधी ताडा, काँक्रीट ओतल्यावर कुणी खांब हलवत नाही. अटीचा भंग दिसला तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीमार्फत पत्र. भांडण किंवा काम बंद पाडणं टाळा, त्याने गुन्हे तुमच्यावर दाखल होतात आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. पत्रांनी काही हललं नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ पुण्यात आहे. तिथे अर्ज करायला वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून पहिल्या भंगाची तारीख जपून ठेवा.

## ८. पाती फिरू लागल्यावर

"आमच्याकडे एकही पक्षी मेला नाही" हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. मेलेला पक्षी पुष्कळदा सकाळपर्यंत राहतच नाही, रात्रीत कोल्हं किंवा कुत्रं नेतं. म्हणून शोध पद्धतशीर करा.

उजाडताच निघा. खांबाभोवती साधारण खांबाच्या उंचीइतक्या अंतरापर्यंत पाच-सहा पावलांच्या पट्ट्यांत चाला. दर आठवड्याला तेच खांब, तोच क्रम. सुरुवातीला एक चाचणी घ्या: कुक्कुटपालनात मेलेली चार-पाच कोंबडीची पिल्लं ठरावीक जागी ठेवा आणि पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी किती उरली ते पाहा. तिसऱ्या दिवशी पाचातलं एकच उरलं, तर आठवड्याने सापडलेल्या एका घारीमागे न सापडलेल्या किती असतील याचा अंदाज येतो. हा आकडा वहीत नसेल तर बाकीच्या मोजणीला अर्थ नाही.

मेलेला वन्यप्राणी किंवा पक्षी उचलू नका, पीसही घरी नेऊ नका. कायद्याने तो सरकारचा असतो. फोटो काढा, सोबत मापासाठी पेन ठेवा, ठिकाण लिहा आणि वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून पंचनामा मागा. पंचनाम्याची नक्कल वहीला जोडा.

साताऱ्यातल्या बऱ्याच पठारांवर जुन्या, लहान पवनचक्क्या काढून त्यांच्या जागी मोठ्या उभ्या करायची वेळ आता येतेय. अशा ठिकाणी वर्षभराची ही वही घेऊन पुन्हा दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करा. ज्या खांबाखाली सर्वांत जास्त पक्षी सापडले, ती जागा नव्या नकाशात मोकळी सोडायची मागणी पहिल्याच पत्रात करा आणि सोबत पंचनाम्यांच्या नकला लावा.